आश्रित आणि आप्त

ज्याला आयुष्याच्या भरात आपल्या माणसांजवळ राहता आले नाही, असा मनुष्य उतारवयात एखाद्या मुक्या प्राण्याला जीव लावतो. त्याच्याशी बोलतो, त्याच्याआधी घास घेत नाही, ते क्षणभर दिसेनासे झाले तर कासावीस होतो. या प्रेमाला दया म्हणावे की मोह? आणि त्याच माणसाला मागील आयुष्याचा पश्चात्ताप होत असेल, तर या प्रेमाने त्याचे काही फिटते काय? प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. परंतु दया, आसक्ती आणि अनुताप या तिन्ही विषयांची गाठ त्यात पडलेली असल्यामुळे साधकाने तो उकलून पाहणे उचित होय.

हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नव्हे. कोकणच्या दक्षिण भागात, देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्यावर तो अनेक घरांच्या ओटीवर बसलेला दिसतो. तेथील जमीन थोडी, डोंगरउताराची आणि वाटण्यांनी तुकडे झालेली. तिच्यावर कुटुंबाचे वर्ष निघत नसे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेथील तरुण मनुष्य मुंबईच्या कापडगिरण्यांत जात राहिला. लालबाग-परळच्या चाळीत गावकऱ्यांनी मिळून धरलेल्या खोलीत पाळीपाळीने पथारी टाकावी, खानावळीत जेवावे आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर करावी, असा त्याचा क्रम. बायको-मुले गावी. चाकरमानी घरी येणार तो गणेशचतुर्थीला, शिमग्याला किंवा वैशाखात. सारे मिळून वर्षातले थोडे दिवस. मुलाच्या लेखी बाप म्हणजे वर्षातून एकदोनदा ट्रंक घेऊन येणारा पाहुणा आणि एरव्ही पोस्टमनने आणलेली रक्कम.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यास वर्षही पुरे होण्यापूर्वी, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. पुढे कित्येक गिरण्या पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, कित्येकांना कामावर परत जाता आले नाही. ज्या गावी आयुष्यभर पैसे पाठविले त्या गावी अनेकजण रिकाम्या हाताने परतले. आणि ते परतले तोवर त्यांच्या मुलांनी त्याच मुंबईची वाट धरली होती. ही वाट पुढेही वाहतच राहिली. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. बहुतेक ठिकाणी माणसे वाढत असता येथे ती घटली, आणि हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. घरे राहिली, आंबा-काजूची कलमे राहिली, मागील दारचे माड राहिले. माणूस मात्र एखादाच राहिला.

संपाच्या वेळी चाळिशीत असलेला तो कामगार आज ऐंशीच्या पुढे आहे. चिऱ्याचे कौलारू घर, पुढे सारवलेले खळे. पत्नी निवर्तली. मुले, सुना, नातवंडे मुंबईकडे. सोबतीला एक कुत्रा. तोही कोणी मुद्दाम आणलेला नव्हे, पावसाळ्यात पडवीच्या आश्रयाला आला आणि राहिला असा. सकाळी पेज झाली की दोन वाट्या भरतात, एक माणसाची आणि एक त्याची. किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोराला हात लावणाऱ्यास मासळीचा वाटा मिळतो. म्हातारा अंगात बळ होते तोवर हात लावून येई, आता कोणीतरी ओळखीने चार बांगडे देतो, त्यांतलेही डोके-शेपटी कुत्र्याची. शेजारपाजारचे कौतुकाने विचारतात, तर उत्तर ठरलेले असते : “हो माका सोडून खंय जाणा नाय.”

हे वाक्य कुत्र्याच्या निष्ठेची स्तुती आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. नीट पाहिले तर त्यात दोघांवर ठपका ठेवलेला आहे. एक, सोडून गेलेल्या मुलांवर. आणि दुसरा, त्यांच्याही आधी सोडून गेलेल्या स्वतःवर. पहिला ठपका तो मोठ्याने बोलतो. दुसरा रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात येतो. मुलगा तापाने फणफणला होता त्या वर्षी आपण घरी नव्हतो. आई वारली तेव्हा तार पोहोचून बोट किंवा गाडी मिळेपर्यंत सारे उरकले होते. पत्नीशी आपण एका छपराखाली सलग किती दिवस राहिलो याची बेरीज केली तर ती थोड्याच वर्षांची भरते. पोटासाठी गेलो, हे खरे. परंतु मोकळीक मिळाली तेव्हाही रजा वाढवून राहिलो नाही, घरी पत्र लिहिताना पैशाच्या हिशेबापलीकडे एक ओळ लिहिली नाही, मुलाने काही सांगायला तोंड उघडले तर त्याला गप्प केले, हेही खरे. जे नाइलाजाने घडले त्याचे दुःख होते. जे टाळता आले असते आणि टाळले नाही त्याची टोचणी लागते. पश्चात्ताप या दुसऱ्याचा असतो.

आता विचारावयाचे ते हे की, अशा माणसाला प्राण्याची संगत इतकी गोड का लागावी? पहिले कारण, प्राणी हिशेब मागत नाही. कुत्र्याला म्हाताऱ्याचे मागील आयुष्य ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने हा मनुष्य पहिल्यापासून असाच प्रेमळ, घरी बसणारा, वेळेवर अन्न देणारा आहे. दुसरे कारण, त्याची गरज साधी आणि लगेच भागणारी आहे. वाटी भरली की तो तृप्त होतो. मुलाची गरज कित्येक वर्षांपूर्वीची आहे आणि ती आता कोणत्याही वाटीने भागत नाही. तिसरे कारण, प्राण्यावर केलेल्या प्रेमाला लाज आड येत नाही. ज्या पित्याने मुलाच्या पाठीवरून कधी हात फिरविला नाही, तो कुत्र्याच्या पाठीवरून तासन्‌तास हात फिरवितो. कारण तेथे संकोच नाही आणि नाकारले जाण्याचे भयही नाही. ही तीनही कारणे खरी आहेत, आणि तिन्हींत दोष असा काही नाही. परंतु तिन्हींवरून एवढे सिद्ध होते की, ही संगत गोड लागते ती पुष्कळशी सोपी आहे म्हणून. जे सोपे ते वाईट असे नव्हे. पण सोप्याने अवघडाचे काम झाले असे मानणे, येथून चूक सुरू होते.

याविषयी शास्त्रात तीन प्रसंग विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला भागवताच्या पाचव्या स्कंधातील राजा भरताचा. राज्य आणि पाच पुत्र सोडून तो गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात तपाला बसला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या गाभण हरिणीने नदीवरून उडी घेतली, पाडस प्रवाहात पडले, हरिणी मेली. भरताने ते पाडस उचलले. येथवर ती शुद्ध दया होय. न उचलता तर तो दोषी झाला असता. परंतु पाडस वाढले, चरू लागले, वनात जाण्याजोगे झाले, तरी त्याच्या मनाने ते खाली ठेवले नाही. ते दृष्टीआड गेले की त्याचे अनुष्ठान थांबे. अंतकाळी हरीण त्याच्याजवळ पुत्रासारखे शोक करीत बसले होते आणि त्याचे चित्त त्या हरिणात होते. म्हणून त्यास हरिणाचा जन्म घ्यावा लागला. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, भरताने पाच पुत्र सोडले होते, आणि सोडलेल्या पुत्रस्नेहाची जागा त्याच्या अंतःकरणात तशीच मोकळी राहिली होती. त्या जागी हरीण येऊन बसले. संग वस्तूने जातो असे नाही. वस्तू जाते आणि संग दुसरी वस्तू शोधतो.

दुसरा प्रसंग लीळाचरित्रातील, सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी सशाचे रक्षण केल्याचा. म्हाइंभटांनी नोंदविलेली ही लीळा वासनिकांच्या घरोघरी लहान मुलांनाही ठाऊक आहे. पारध्यांच्या पाठलागाने जीव मुठीत धरून आलेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला. पारधी आले, त्यांनी तो मागितला. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही आणि पारध्यांना निरपराध वन्य जीवाच्या हत्येविषयी असे निरूपण केले की ते मागे फिरले. येथपर्यंतचा भाग सर्वांच्या मनात ठसतो. पुढील भाग लहान आहे आणि तो ऐकताना निसटून जातो. भय टळल्यावर स्वामींनी जानू उचलला आणि सशाला जाऊ दिले. त्यास पाळले नाही, जवळ ठेवले नाही, तो पुन्हा येतो की नाही याची वाट पाहिली नाही.

भरताची कथा आणि ही लीळा शेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडे आरंभ एकच, मरणाच्या दारातील जीवास आश्रय. भेद शेवटी आहे. दयेचे दोन भाग असतात, आश्रय देणे आणि काम झाल्यावर जानू उचलणे. पहिला भाग पुष्कळांना साधतो. दुसरा ज्याला साधला त्याचीच दया निर्मळ राहिली. आश्रिताला माझी गरज आहे म्हणून मी त्याच्याजवळ आहे, ही दया. मला आश्रिताची गरज आहे म्हणून तो माझ्याजवळ असावा, हा मोह. एकाच वाटीतील पेज, एकाच हाताने दिलेली, दोन्हींपैकी काहीही असू शकते. बाहेरून ती ओळखता येत नाही. देणाऱ्याने स्वतःच ती ओळखावयाची असते.

येथे कोणी शंका घेईल की, म्हाताऱ्याने मग कुत्र्याला हाकलून द्यावे काय? मुळीच नव्हे. ससा वनचर होता, त्याचे कल्याण वनात होते. गावात वाढलेला कुत्रा मनुष्याच्या दारावर जगणारा जीव; त्यास हाकलणे म्हणजे जानू उचलणे नव्हे, जानूखालचा जीव पारध्याच्या हाती देणे होय. त्याच्या बाबतीत जानू उचलणे निराळे. आपण ऐंशी ओलांडली; आपल्यामागे याला कोण घास घालील याची सोय आजच करून ठेवणे; तो शेजाऱ्याच्या दारी जेवून आला तर मनात रुसवा न धरणे; तो आपल्याआधी गेला तर ज्याचे आयुष्य सरले तो जीव गेला, असे म्हणून स्मरण करीत बसणे. एवढे ज्याला जमेल त्याचा कुत्रा त्याच्या परमार्थात आड येणार नाही.

तिसरा प्रसंग महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील, आणि मुख्य प्रश्नाला तो सर्वांत जवळचा आहे. पांडव हिमालयाकडे निघाले. वाटेत द्रौपदी पडली, मग एकामागून एक चारही बंधू पडले. युधिष्ठिर आणि पाठीमागून आलेला कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, परंतु कुत्र्यास प्रवेश नाही म्हणाला. युधिष्ठिराने आश्रिताचा त्याग करण्यास नकार दिला. ही कथा सांगताना पुष्कळजण येथेच थांबतात आणि कुत्र्यावरील प्रेमाचा गौरव करतात. परंतु इंद्राने त्यानंतर एक मर्मभेदी प्रश्न विचारला आहे. त्याचा आशय असा : पत्नी सोडलीस, भाऊ सोडलेस, आणि एक कुत्रा तुझ्याने सोडवत नाही, हा कोणता मोह?

मालवणच्या ओटीवर बसलेल्या वृद्धाला नेमका हाच प्रश्न लागू पडतो. घरच्यांना सोडून राहिलास. मग याला का सोडवत नाही? युधिष्ठिरापाशी उत्तर होते. त्याचा भाव असा की, जे मेले त्यांच्याशी संधी होत नाही, त्यांना परत उठविणे माझ्या हाती नव्हते. ते जिवंत होते तोवर मी त्यांना सोडले नाही. या उत्तरावर त्या कथेतील सारा धर्म उभा आहे. कुत्र्याला न सोडणे हे युधिष्ठिराला शोभले, कारण जिवंत आप्तांना त्याने सोडले नव्हते. ज्याचे आप्त जिवंत आहेत, दूरध्वनीच्या एका हाकेवर आहेत, आणि तरी ज्याने त्यांच्याशी बोलायचे ते बोलून टाकलेले नाही, त्याने कुत्र्याकडे बोट दाखवून युधिष्ठिराचे उत्तर उसने घेऊ नये.

मृत पत्नीचे काय, असे विचारले जाईल. तिच्याशी आता बोलता येत नाही. त्या बाबतीत युधिष्ठिराचे उत्तर लागू आहे. तेथे अनुताप परमेश्वरापुढे निवेदन करावा आणि उरलेले ऋण जिवंतांच्या सेवेत वळवावे. परंतु मुलगा जिवंत आहे. मृतांचे दुःख कुरवाळीत जिवंतांना टाळणे, हाही एक मोहच होय.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती या पंथाच्या वाचकाला सुचल्यावाचून राहणार नाही. धर्मात तर स्वदेश, स्वग्राम आणि संबंधीजन यांचा संबंध त्याज्य सांगितला आहे. मग ज्याने आयुष्यभर घर सोडले त्याला पश्चात्ताप कशाचा? त्याने न कळत का होईना, त्यागच केला म्हणावे काय? याचे समाधान असे की, त्यागाचे मोल सोडलेल्या वस्तूवरून ठरत नाही, कशासाठी सोडले यावरून ठरते. अनुसरणाकरिता परमेश्वराच्या आज्ञेने जो निघतो त्याचा संबंधत्याग हा धर्म. गिरणीच्या भोंग्याकरिता जो निघाला तो कुटुंबाच्या पोषणासाठी निघाला, म्हणजे संबंध राखण्यासाठीच निघाला. त्याच्या अनुपस्थितीत मुलाला जे सोसावे लागले ते त्यागाच्या नावावर जमा करता येत नाही. तो गृहस्थ होता, आणि गृहस्थाने गृहस्थाचे कर्तव्य चुकविले असेल तर त्याचा अनुताप योग्यच आहे. संन्यासाचे वाक्य गृहस्थाच्या कर्तव्यच्युतीवर पांघरूण म्हणून घालणे, हा शास्त्राचा उपयोग नव्हे, दुरुपयोग होय.

तिसरी शंका व्यवहाराची. पित्याने आता, आयुष्याच्या शेवटी, मुलाजवळ चूक कबूल केली आणि मुलाने ती मानलीच नाही तर? किंवा तो म्हणाला की, इतकी वर्षे गेल्यावर आता काय उपयोग? तर पित्याने ते ऐकून घ्यावे. येथेच मनुष्य आणि पशू यांतील भेद कळतो. जीव दोघांतही आहे. म्हणूनच पशूची हिंसा निषिद्ध आणि त्यास घास घालणे उचित. परंतु ज्ञानाचा अधिकार मनुष्यदेहाला आहे. पशू क्षमा करीत नाही, कारण त्याला अपराध कळत नाही. त्याच्या डोळ्यांत जी क्षमा दिसते ती पाहणाऱ्याने तेथे ठेवलेली असते. मुलगा क्षमा करू शकतो, म्हणूनच तो ती नाकारूही शकतो. ज्याला नाकारता येते त्याच्यापुढेच कबुली ही खरी कबुली होते. क्षमा मिळणे हे पित्याचे फळ नव्हे, मागणे हे त्याचे कर्म आहे. फळाची अट घालून केलेला अनुताप सौद्यासारखा होतो.

ही कबुली मोठ्या समारंभाची असावी लागत नाही. आजकाल मुलाचा फोन आठवड्याला येतो. “बाबा, जेवलास? कुत्रो कसो आसा?” एवढे विचारतो, पितापुत्र पाच मिनिटे कुत्र्याविषयी बोलतात, मग पावसाविषयी, आणि फोन ठेवला जातो. दोघांनाही ठाऊक असते की बोलावयाचे ते हे नव्हे. कुत्रा मध्ये आहे म्हणून निदान एवढे तरी बोलणे होते, हे खरे. आणि कुत्रा मध्ये आहे म्हणून त्यापुढचे बोलणे टळते, हेही खरे. तो साकव होऊ शकतो आणि पडदाही होऊ शकतो. पित्याने एक दिवस एवढेच म्हणावे : “तू लहान असता मी जवळ राहिलो नाही. मला राहता आले असते तेव्हाही राहिलो नाही. ते चुकले.” यापुढे कारणे जोडू नयेत. गरिबी होती, गिरणी होती, हे मुलाला ठाऊक आहेच. कारणे त्याने सांगितली तर ती क्षमा होते, पित्याने सांगितली तर ते समर्थन होते.

आणि मुलांनीही एक गोष्ट ध्यानात धरावी. बाप कुत्र्यावर एवढे प्रेम करतो आणि आपल्यावर कधी केले नाही, असे त्यांच्या मनात येते. त्यात मत्सराचा अंश असतो आणि दुःखाचाही. परंतु त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्या हाताला पाठ थोपटता येते असे आज दिसते, तो हात पूर्वीही तसाच होता. त्याला वेळ मिळाली नाही, रीत कळली नाही. उशिरा का होईना तो शिकला, आणि त्यास शिकवावयाला एक मुका जीव लागला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने कपोत, अजगर, मृग, मीन यांनाही गुरू मानले आहे. गुरूपाशी मुक्काम करावयाचा नसतो. जे शिकलो ते घेऊन पुढे जावयाचे असते. कुत्र्याजवळ शिकलेला जिव्हाळा कुत्र्याजवळच संपला, तर शिकणे वाया गेले.

हा विचार केवळ गृहस्थांपुरता नाही. आश्रमात वृद्ध झालेल्या भिक्षुकालाही एखादी गाय, एखादे मांजर किंवा एखादा लाडका शिष्य यांचा असाच लळा लागतो. आणि घर सोडले एवढ्यावरून आपला संग सुटला असा त्याचा समज असतो. भरतानेही घर सोडले होते. भिक्षेतील घास दारी आलेल्या जीवास जरूर द्यावा, संकटातील जीव जानूखाली जरूर घ्यावा. परंतु तो दिसला नाही म्हणून नामस्मरणाचा क्रम चुकला, तर तेथे थांबून पाहावे की आत कोणती जागा रिकामी राहिली होती. आणि अनुसरणापूर्वी कोणाचे मन दुखविले असेल, कोणाचे देणे बुडविले असेल, तर भिक्षुवेष धारण केल्याने ते फिटले असेही समजू नये.

गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा नियम सांगितला आहे. ज्याचे चिंतन जन्मभर केले तेच त्या वेळी पुढे येते. ज्याच्या मनात न बोललेली गोष्ट राहिली, त्याच्यापुढे तीच उभी राहील. ज्याच्या मनात कुत्र्याची काळजी राहिली, त्याच्यापुढे कुत्रा उभा राहील. म्हणून वृद्धाने अंतकाळ येण्याआधी दोन्ही कामे उरकावीत : मुलाजवळ बोलावयाचे ते बोलून घ्यावे, कुत्र्याची सोय लावावी. ही दोन कामे परमार्थाच्या आड येणारी नव्हेत; ती राहिली तरच आड येतात. तात्पर्य, आश्रिताला टाकू नये, आप्ताला टाळू नये, आणि दोघांवरही जानू दाबून बसू नये. असे ज्याचे चित्त मोकळे झाले, त्यालाच परमेश्वराच्या स्मरणाला जागा उरते.